मिस्टर डेलचं मत आणि माझा निकाह

हलिमा गेली त्याला आठ महिने झाले. मी सौदीत अल-खोबरला मुलाच्या फ्लॅटमध्ये पाचव्या मजल्यावर बसून हे लिहितो आहे. सूनबाईने रेघांची वही आणून दिली आणि म्हणाली, "अब्बा, नुसते खिडकीशी बसून राहता, काहीतरी लिहीत जा." मी चौथी पास आहे. त्यामुळे इथे शुद्धलेखन बघू नये. जे झालं ते लिहितो, जे आठवत नाही ते सोडून देतो. कुठल्या साली काय झालं ते मला विचारू नका, ते सगळं हलिमाच्या लक्षात असायचं.

परवा नात जमिनीवर पसरून शाळेसाठी अमेरिकेच्या नकाशात रंग भरत होती. मी वाकून बघितलं आणि वरच्या बाजूला मधोमध एका चौकोनावर बोट ठेवलं. म्हटलं, "हे साऊथ डकोटा. इथल्या निवडणुकीमुळे तुझ्या दादीचा आणि माझा निकाह झाला." ती इंग्रजीत म्हणाली, "दादा, तिथे तर काहीच नाही." मग तिने त्या चौकोनात पिवळा रंग भरला आणि पुढच्या राज्यात गेली. तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सुनेलाही वाटलं असावं, कारण तिने माझ्या गोळ्यांची डबी उघडून बघितली. म्हणून पहिल्यांदा हेच प्रकरण लिहून टाकतो.

तेव्हा हे खोबर असं नव्हतं. समुद्राला फिरायचा रस्ता नव्हता, मॉल नव्हते, बायका-पोरं घेऊन राहणारे आपले लोक बोटावर मोजण्याइतके. आमचा कॅम्प दम्मामच्या बाहेर वाळूत होता. लाकडी केबिनांच्या रांगा, मध्ये मेस, टोकाला फोरमन लोकांचे ट्रेलर, आणि पलीकडे आमचं पाइपचं वर्कशॉप. मी फिटर होतो. वय बावीस-तेवीस. माझ्या केबिनमध्ये चार खाटा. दोन केरळचे भाऊ होते, ते आपसातच बोलत आणि आपसातच भांडत. तिसरा साताऱ्याकडचा शिंदे, वेल्डर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. चौथा मी. खिडकीतला एसी असा घरघरायचा की पहिले पंधरा दिवस मला बाणकोटच्या खाडीतली लाँच चालू आहे असंच वाटायचं, डोळे मिटले की उतारू चढताहेत, कोंबड्यांच्या टोपल्या चढताहेत. एसी बंद पडला की चौघंही एकदम जागे व्हायचे. अजून माझं तसंच आहे. या फ्लॅटमधला एसी आवाज करत नाही, म्हणून मला झोप लागत नाही. मुलगा म्हणतो डॉक्टरला दाखवू. डॉक्टर काय एसीला आवाज लावणार आहे?

मेसमध्ये खुबूस आणि मटणाचा भात. खुबूस म्हणजे तिथली रोटी, गरम असेल तोवर रोटी, गार झाली की चामडं. सहा दिवस तेच. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी आम्ही केबिनच्या मागे स्टोव्ह पेटवायचो. माझी माय गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर सुके बोंबील आणि सोडे धाडायची, चार पिशव्यांत गुंडाळून, तरी माणूस विमानातून उतरला की वासावरून कळायचं कुठल्या तालुक्याचा आहे. बोंबील तव्यावर पडले की केरळचे भाऊ भांडण थांबवून ताटल्या घेऊन यायचे. आणि पहिल्याच महिन्यात, एका शुक्रवारी, नाकाला रुमाल लावून मिस्टर डेल आला.

मिस्टर डेल आमचा अमेरिकन फोरमन. सहा फूट उंच, मान उन्हाने भाजून विटेसारखी लाल, बोलायला कमी. त्याला वाटलं होतं गटार फुटलं. शिंद्याने त्याला तव्यातला एक तुकडा काढून दिला. त्याने उभ्याउभ्याच खाल्ला, मग बसला, मग दुसरा मागितला. म्हणाला, आमच्याकडे गाईचं मांस असंच वाळवून ठेवतात. हे ऐकून शिंदे ताटली घेऊन दोन हात लांब सरकला, पण पुढच्या शुक्रवारी परत जवळ बसला. त्या दिवसापासून मिस्टर डेल दर शुक्रवारी यायचा, येताना मक्याच्या दाण्यांचा डबा आणायचा. त्याचं इंग्रजी आणि माझं हिंदी, मध्ये दोन-चार अरबी शब्द, आणि उरलेलं हातवाऱ्यांनी. एवढ्यात आमचं सगळं भागायचं. इथे मी त्याचं बोलणं सरळ मराठीत लिहितो.

माणूस चांगला, पण कामात एका गोष्टीला माफी नव्हती. आमच्याकडे प्रत्येक फिटरने आपल्या पाइपवर खडूने माप लिहायचं आणि आपला नंबर टाकायचा. माझा एकोणीस. दुसऱ्याच्या पाइपला कुणी खडू लावायचा नाही. चूक दिसली तरी नाही, मालकाला हाक मारून दाखवायची. कारण एका चुकीच्या रेघेने पाइप भलतीकडे कापला जातो आणि मग तो जोडताना माणूस मरतो. मी आल्यानंतर दोन महिन्यांनी एका फिटरने शेजाऱ्याच्या पाइपवरचा आकडा आपल्या मनाने सुधारला. आकडा बरोबरच होता, तरी मिस्टर डेलने त्याला त्याच आठवड्यात खुरूज दिला. खुरूज म्हणजे कायमचा परतीचा शिक्का. तो माणूस बॅग घेऊन ट्रकमध्ये चढला ते आम्ही सगळ्यांनी बघितलं, आणि त्या दिवशी वर्कशॉपमध्ये ग्राइंडरशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

आता हलिमा. तिला मी लाँचवर बघितलं होतं, सौदीला यायच्या आधी, एकदाच. लाँचवाल्याने तिच्या आजीला फळीवरून चढताना हात दिला नाही म्हणून ती त्याला झाडत होती. लाँचभर माणसं, कुणी हूं की चूं नाही. तो शेवटी खाली उतरला, म्हातारीला धरून आणलं आणि बसायला स्वतःची गादी दिली. मी घरी जाऊन मायला म्हटलं, मला हीच पाहिजे. माय म्हणाली, "तुला बोलू देणार नाही ती." मी म्हटलं मला कुठे बोलायचं आहे. बोलणी झाली, सौदीचा पोरगा म्हणून तिचा बाप तयार झाला. नोकरी नुसती ठरली होती, तेवढ्यावर तयार झाला. निकाह पहिल्या रजेत करायचा असं ठरलं.

आणि मग हजच्या आधी महमूद मामूचं पत्र आलं. मामू म्हणजे माझ्या मायचा थोरला भाऊ. बाप नव्हता, त्यामुळे घरचा कर्ता तोच. मामूने लिहिलं होतं की मुरूडकडचा एक जहाजावरचा माणूस सुट्टीवर आलाय आणि हलिमाच्या बापाकडे त्याच्या लोकांच्या खेपा चालू आहेत. बाप म्हणतो, मोहरमच्या आत इस्माईलने निकाह करावा, नाहीतर आम्ही मोकळे. पत्राच्या शेवटी मामूने लिहिलं होतं, "मुलगी काही बोलली नाही, पण जहाजवाल्याच्या लोकांना तिने चहात साखर घातली नाही असं ऐकतो."

माझं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं, त्यातले आठ महिने झालेले. मी पत्र घेऊन मिस्टर डेलच्या ट्रेलरमध्ये गेलो. तो टेबलाशी बसून एका कागदावर काहीतरी करत होता आणि मी आत गेल्यावर त्याने कागद उलटा केला. मी रजा मागितली. तो नाही म्हणाला. पाइपलाइन पुरी होईपर्यंत कुणालाच रजा नाही, पुरी झाली की रजेच्या यादीत बघू. मी परत मागितली. त्याने परत तेच सांगितलं, आवाज न चढवता, आणि मला कळलं की तिसऱ्यांदा मागण्यात अर्थ नाही. पण माझे पाय निघेनात. मी तिथेच उभा. त्याला बहुतेक माझी दया आली, कारण त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि तो उलटा कागद दाखवून म्हणाला, "हे काय आहे माहीत आहे? मी घरी मत देतोय."

मला वाटलं थट्टा करतो. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे आणि लांब असलेल्या माणसाला कागद टपालाने येतो, तो भरून टपालाने धाडायचा. त्याचं राज्य साऊथ डकोटा. नुसते गहू आणि गुरं, एका घराच्या धुरावरून दुसऱ्या घराचा पत्ता लागत नाही एवढी लांब माणसं. त्याचा बाप तिथे शेती करतो. बाप-लेकाचं पटत नाही. शेत सोडून मुलगा पाइप जोडायला अरबस्तानात गेला यावरून बिनसलेलं. पत्र नाही, फोन नाही. फक्त एक गोष्ट. मुलगा मत द्यायच्या वयाचा झाल्यापासून बाप ज्याला मत देतो त्याच्या विरोधातल्याला मुलगा देतो. दोघांची मतं एकमेकांना कापतात, पत्त्यांत पान कापतात तशी. आणि निवडणूक झाली की बाप दोन ओळींचं कार्ड टाकतो, "यंदाही कापलंस." एवढंच. तेवढ्यावरून याला कळतं की बाप जिवंत आहे आणि बापाला कळतं की मुलगा आहे.

"मग एकाने दिलं नाही तर?" मी विचारलं.

"तर दुसऱ्याला वाटेल की पहिला मेला," तो म्हणाला आणि हसला, पण हसणं काही खरं नव्हतं.

मी त्या कागदाकडे बघत बसलो. हा माणूस समुद्रापलीकडे बसून आपल्या गावात हात वर करतो, आणि तिकडे तो मोजला जातो. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं ते इतकं साधं होतं की आजही मला माझीच लाज वाटते, आधी का सुचलं नाही म्हणून. आमच्यात वकिलाने निकाह होतो. हा वकील म्हणजे कोर्टातला काळ्या कोटाचा नव्हे. नवरदेव हजर नसेल तर त्याने कागदावर लिहून द्यायचं की माझ्या वतीने अमुक माणूस कबूल म्हणेल, आणि तो माणूस काजीसमोर, साक्षीदारांसमोर कबूल म्हणतो. जहाजावरच्या लोकांचे असे निकाह झाल्याचं लहानपणी ऐकलं होतं. मी मिस्टर डेलला सांगितलं. त्याला दोनदा समजावून सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "म्हणजे लग्न टपालाने जातं, आणि मत?" मी म्हटलं, "आमचं मत टपालाने जात नाही. त्याला स्वतः जावं लागतं." तो म्हणाला, "आमचं उलटं आहे." त्याने मला कागद दिला, पेन दिलं, टेबलाचा अर्धा भाग मोकळा करून दिला, आणि आम्ही दोघं शेजारी बसून आपापला कागद लिहायला लागलो. मी लिहिलं की मी इस्माईल, शुद्धीवर असताना, महमूद मामूला माझा वकील नेमतो. बाकीचं, नवरीला द्यायची मेहरची रक्कम वगैरे, मामूने ठरवावं. एवढं लिहायला मला अर्धा तास लागला.

मी सही करत होतो तेवढ्यात वर्कशॉपचा भोंगा वाजला. प्रेशर टेस्टला कुठेतरी पाइप फुटला होता. मिस्टर डेल टोपी उचलून पळाला. जाताजाता दारातून म्हणाला, "माझा कागद पाकिटात घाल, चिकटव, दोन्ही सालेहला दे." सालेह म्हणजे आमचा येमेनी ड्रायव्हर, तो त्याच वेळी दम्मामच्या पोस्टात निघत होता आणि बाहेर हॉर्न वाजवून यल्ला यल्ला करत होता.

मी माझ्या कागदाच्या माथ्यावर गडबडीत राहून गेलेलं सात-आठ-सहा लिहिलं. आमच्यात ७८६ लिहिल्याशिवाय कुठला कागद सुरू होत नाही. पत्र असो, दुकानाची वही असो, होडीची फळी असो, वर ते तीन आकडे, म्हणजे कामाला बरकत. मी ते मदरशात शिकलो तसे अरबी वळणाने लिहितो. ते लिहून झालं आणि मी मिस्टर डेलचा कागद उचलला. नावांची रांग, चौकटी, फुल्या. फुली कुणापुढे आहे ते मी बघितलं नाही, बघून कळलंही नसतं. पण त्या कागदाचा माथा कोरा होता. एवढं लांबचं काम, बाप-लेकाची गोष्ट, दोन समुद्र ओलांडून जायचं, आणि वर काही नाही. मला तो कागद अनवाणी वाटला. माझ्या हातात पेन होतं. मी कोपऱ्यात बारीक ७८६ लिहिलं, घडी घातली, चिकटवलं, आणि दोन्ही पाकिटं सालेहच्या हातात दिली. फार चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बोंबील तव्यावर होते, मिस्टर डेल अजून यायचा होता. मी शिंद्याला सगळं सांगितलं, हौसेने. शिंदे सौदीला यायच्या आधी गावात ग्रामपंचायतीचा शिपाई होता, मतमोजणीच्या खोलीत कागदाचे गठ्ठे बांधायचा. त्याने उलथनं खाली ठेवलं.

"कागदावर लिवलंस?"

"कोपऱ्यात. बारीक."

"आरं मर्दा, मतपत्रिकेवर जादा काय बी दिसलं की ती बाद. अंगठ्याचा डाग पडला तरी बाद करत्यात आमच्यात. मी सोता बादच्या टोपलीत टाकलेत कागद."

"अमेरिकेत तसं नसेल."

"का? तितं काय कागद पीठाचं असत्यात?"

तव्यातले बोंबील करपले. मी विचारलं आता काय करू. शिंदे म्हणाला, "गप बसायचं. एक मत बाद झालं तर अमेरिका काय बुडत न्हाई. त्याला कोण सांगायला येतंय?" मग थोडा विचार करून म्हणाला, "आन सांगितलंस तर, दुसऱ्याच्या कागदावर लिवलंस म्हणून सांगावं लागंल. त्या खडूवाल्याला दिला तसा खुरूज घीऊन जाशील. मग तुझा सासरा म्हणंल, सौदीचा पोरगा कुटाय?"

तेच तर होतं. रजा मिळाली नाही म्हणून निकाह टपालाने धाडला होता, आणि आता टपालामुळे मी स्वतःच कायमचा गावी जाऊन पडणार होतो. सौदी गेली की हलिमाही जहाजवाल्याकडे जाणार. मिस्टर डेल मक्याचा डबा घेऊन आला, जेवला, म्हणाला आज करपलेत. पुढचे तीन दिवस मी माझ्या पाइपवर माझाच नंबर चुकीचा टाकत होतो. मला खुरूजची भीती होतीच, पण त्याहून दुसरी गोष्ट सतावत होती. तिकडे तो म्हातारा कार्ड टाकणार नाही. मत आलं नाही म्हणजे मुलगा मेला असं समजून बसेल. आणि इकडे कार्ड आलं नाही म्हणून मुलगा समजेल बाप मेला. दोघंही जिवंत, आणि मध्ये माझे तीन आकडे.

चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो आणि सांगितलं. उभ्यानेच, एका दमात. तो हात पुसत होता, तो पुसतच राहिला.

"काय लिहिलंस?"

मी खडूने फरशीवर काढून दाखवलं. त्याने वाकून बघितलं.

"याचा अर्थ?"

"काम नीट व्हावं म्हणून. अल्लाच्या नावाने सुरू केलं असा."

"तुझ्या कागदावरही लिहिलंस?"

"हो. त्याशिवाय आमचा कागद कुणी धरणार नाही."

"आणि माझा याच्यामुळे कुणी धरणार नाही," तो म्हणाला. त्याने फरशीवरचे आकडे बुटाने पुसले नाहीत, तसेच ठेवले, ते आठवतं. मग घड्याळ बघितलं. "कामावर जा, एकोणीस नंबर." एवढंच. राग नाही, माफी नाही. दुसरा कागद मागवायला वेळ नव्हता हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पुढचे शुक्रवार तो आमच्याकडे जेवायला आला नाही. मक्याचा डबा नाही. केरळचे भाऊसुद्धा विचारायला लागले, मोठा माणूस का रुसला.

निवडणूक झाली. ते त्याच्या रेडिओवर खरखरत आलं. कोण निवडून आलं ते आम्हाला कळलं, पण आम्हाला त्याच्याशी काय करायचं होतं? शिंदे म्हणाला, साऊथ डकोटात अगदी घासून झालं म्हणतात. त्याने हे मुद्दाम मला सांगितलं की नकळत, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

त्यानंतर महमूद मामूचं पत्र आलं. निकाह झाला. मामूने आमच्या मशिदीत माझ्या वतीने कबूल म्हटलं. पत्रात मामूने लिहिलं होतं, "मी इतक्या मोठ्याने कबूल म्हणालो की तुझी मामी पडद्यामागून खोकली. हलिमाला विचारायला गेले तेव्हा तिने आधी तुझा कागद मागितला. वाचला, परत घडी घातली, मग हो म्हणाली. कागद परत दिला नाही. काजीसाहेबांनी मागितला तरी दिला नाही." केबिनमध्ये शिंद्याने सगळ्यांना खजूर वाटले. माझ्या पाठीवर एवढ्या थापा पडल्या की दोन दिवस दुखत होती. आणि मी आतून पार गळालो होतो. आधी एकट्याची नोकरी जाणार होती, आता एका नवऱ्याची जाणार होती. रोज सकाळी ट्रक दिसला की वाटायचं माझ्यासाठीच आलाय. तरुणपणातले तेवढेच काही आठवडे मी खरोखर नमाज चुकवली नाही.

मग एका गुरुवारी, सगळी गँग वर्कशॉपमध्ये असताना, मिस्टर डेलने ग्राइंडर बंद करायला लावले आणि हाक मारली, "एकोणीस." शिंद्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी पुढे गेलो. मिस्टर डेलच्या हातात कागद होता. मला वाटलं खुरूज. पण तो हाताने लिहिलेला होता, दोन पानं, पाठपोट. त्याने तो मोठ्याने वाचला आणि जिथे मला कळलं नाही तिथे थांबून समजावलं.

बापाचं पत्र होतं. नेहमीचं दोन ओळींचं कार्ड नव्हतं. म्हाताऱ्याने लिहिलं होतं की आपल्या गावच्या मोजणीला दरवेळेसारखा मी टेबलाशी बसलो होतो. टपालाच्या कागदांत एकावर कोपऱ्यात तीन ओरखडे निघाले, कोंबडी चालून गेल्यासारखे. बाकीचे दोघे म्हणाले खूण आहे, बाद करा. मी म्हणालो, खूण कशाची? खूण असते ती माणूस ओळखायला. या गावचा एकच माणूस अरबस्तानात आहे, ओरखडे नसते तरी सगळ्यांना कळलंच असतं कुणाचा कागद आहे. आणि ओरखडे एकाही नावापुढे नाहीत. कोंबडीने कुणाला मत दिलं नाही. ते म्हणाले, तुला माहीत आहे ना हे मत तुझंच मत कापतं? मी म्हणालो, कापू दे, त्याच्यासाठीच ते एवढ्या लांबून आलंय. मग मोजलं. यंदाही कापलंस. गहू बरा झाला. गुडघा बरा आहे. ते ओरखडे कसले आहेत ते लिहून कळव, इथे तिघांत पैज लागली आहे.

मिस्टर डेलने पत्राची घडी घातली. म्हणाला, "अठरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी विचारलंय. आता तू सांग, काय लिहू?" मी सांगितलं. त्याने तिथेच उभ्याने ते लिहून घेतलं, आकडे माझ्याकडून काढून घेतले. मग गँगकडे वळून म्हणाला, "दुसऱ्याच्या पाइपला खडू लावायचा नाही. हा नियम आहे तसा आहे." आणि माझ्याकडे न बघता, "रजेच्या यादीत पहिलं नाव एकोणीस." दुसऱ्या दिवशी शुक्रवारी तो मक्याचे दोन डबे घेऊन आला. त्यानंतर बाप-लेकाची पत्रं सुरू झाली. दर महिन्याला एक यायचं, तो आम्हाला जेवताना गव्हाचे भाव वाचून दाखवायचा आणि शिंदे त्यावर मत द्यायचा. चार वर्षांनी परत निवडणूक आली तेव्हा मिस्टर डेलने कागद भरला, पाकीट स्वतः चिकटवलं आणि मला लांबून दाखवून खिशात टाकलं.

लाइन पुरी झाली आणि मी गावी गेलो. आपल्याच बायकोला मी तिथे दुसऱ्यांदा बघत होतो. काय बोलावं सुचेना, म्हणून हीच गोष्ट सांगितली. हलिमा शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "म्हणजे तुम्ही आधी दुसऱ्याचं काम बिघडवलं आणि मग त्यातूनच त्याचं भलं झालं." मग हसली. माय बरोबर बोलली होती, पुढे तिने मला फारसं बोलू दिलं नाही.

मी तीस वर्षं सौदीत काढली. या देशात येऊन राहिलेल्या आमच्यासारख्यांना टपालाने मत नाही, तेव्हा नव्हतं आणि माझ्या मुलाला आजही नाही. हलिमा गावी एकटी मत द्यायची. मी नोकरी खलास करून कायमचा परत आलो, त्यानंतर पहिली ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आम्ही दोघं शाळेत जाऊन मत देऊन आलो. परतताना रस्त्यात तिने विचारलं, कुणाला दिलंत? मी सांगितलं, कपबशी. ती म्हणाली, "मी शिलाई मशीन. कापलं तुमचं." आणि पुढे चालायला लागली. मी म्हटलं, अगं, मग आपण दोघं एवढ्या उन्हात कशाला आलो? ती म्हणाली, "मिस्टर डेलला विचारा." त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत, विधानसभा असो नाहीतर पंचायत, ती आधी माझ्याकडून काढून घ्यायची आणि मग दुसरीकडे द्यायची. मी एकदा खोटं सांगून बघितलं. तिला कळलं. तोंडावरून कळतं म्हणाली.

तिला पुरलं त्यानंतर दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीची निवडणूक होती. मुलगा म्हणत होता, अब्बा, कशाला जाता, त्याच आठवड्याचं विमान घ्या. मी म्हटलं मत देऊन येतो. तिची पेटी आवरताना तो कागद सापडला होता, घडीवर फाटलेला, वर ७८६, खाली माझी वाकडी सही. तो खिशात घालून शाळेत गेलो. रांगेत गावातले लोक म्हणत होते, इस्माईलभाई, यंदा तुमचं मत शाबूत राहणार. चेष्टाच, पण चांगल्या मनाने. मी पडद्याआड गेलो. कपबशीसमोर बोट नेलं. तिथे थोडा वेळ उभा राहिलो, इतका की बाहेरून टेबलाशी बसलेल्या मतदानाच्या बाईंनी विचारलं, "चाचा, बटण सापडत नाही का?"

मी शिलाई मशीनचं बटण दाबलं.

घरी आलो. दारात चपला काढताना सवयीने आत बघून म्हटलं, "कापलंस का?" मग लक्षात आलं, या वेळी माझं मत मीच कापून आलो होतो.